पाणी आलं की नेट जातं

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आईचा फोन आला. मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. ती म्हणाली, "अरे, मला कळलं बघ. पाणी आलं की नेट जातं."

मी हसलो. म्हटलं, "आई, नेट नळातून येत नाही." शेजारी बसलेला सहकारीही हसला, म्हणून मला आणखी चेव आला. "तू काहीतरी दाबलं असशील. रात्री बघतो." ती म्हणाली, "मी कशालाच हात लावला नाही." मग जरा थांबून "बरं," म्हणाली, जेवण वेळेवर करतोस ना विचारलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर अडीच महिने तिने कंप्युटरबद्दल एक शब्द काढला नाही. मी समजलो, प्रश्न सुटला.

आमचं गाव तालुक्याचं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि तिने मला डेस्कटॉप मागितला. मोबाइलवर तिला अक्षरं बारीक दिसतात. गल्लीतल्या पोरांचे अर्ज, दाखले, परीक्षांचे फॉर्म हे सगळं ती त्या डेस्कटॉपवर भरून देते. त्यामुळे नेट गेलं की तिचं एकटीचं काम अडत नाही.

जूनमध्ये नेट मधूनच जायला लागलं. मी पुण्यातून रिमोट डेस्कटॉपने आत शिरलो आणि जे आम्ही सगळे करतो ते केलं. आधी राउटरला पिंग, मग बाहेरच्या पत्त्याला पिंग, मग नावाने. तिन्ही चालू. तरी डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकला. तीन दिवस नेट व्यवस्थित चाललं. चौथ्या दिवशी गेलं. मग नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला. पुन्हा तीन दिवस छान. मग राउटर फॅक्टरी रीसेट करून सगळी सेटिंग्ज नव्याने भरली. पुन्हा तीन दिवस. नेटवाला मुलगा दोनदा घरी येऊन गेला. त्याने फायबरचा कनेक्टर बदलला, प्रकाशाची पातळी मोजली आणि सगळं ओके आहे म्हणाला. तो आला तेव्हा खरोखरच सगळं ओके होतं.

आमच्या गावात पाणी चौथ्या दिवशी येतं, हे मला अर्थातच माहीत होतं. मी त्याच घरात वाढलो आहे. पण हे ज्ञान माझ्या डोक्याच्या ज्या खोलीत ठेवलेलं होतं, त्या खोलीचा दरवाजा डीएनएसच्या खोलीत उघडत नव्हता.

या तीन-तीन दिवसांचं मला नंतर फार हसू आलं, आणि लाजही वाटली. मी काहीतरी बदलायचो, नेट चालायचं, आणि माझ्या बदलामुळेच ते चाललं अशी माझी खात्री व्हायची. मांजर आडवं गेलं आणि काम बिघडलं, हा जसा तर्क आहे तसाच हा. फरक एवढाच की माझ्या मांजराचं नाव इंग्रजी होतं आणि त्याला आकडे होते. आई मात्र तारखा जुळवत होती. आमच्या दोघांत अंधश्रद्धा कोणाची आणि निरीक्षण कोणाचं, हे त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी बिनदिक्कत उलटं उत्तर दिलं असतं.

आणखी एक गंमत होती. नेट जायचं त्याच क्षणी माझा रिमोटही तुटायचा. म्हणजे बिघाड चालू असताना तो बघण्याची सोय मला नव्हतीच. मी परत आत शिरेपर्यंत तो संपलेला असायचा. राउटरचा लॉग उघडावा तर तो १ जानेवारी १९७० पासून सुरू व्हायचा. अशा डब्यांमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी बहुधा नसते. रीस्टार्ट झाला की तो काळाच्या आरंभाला जातो आणि नेट मिळाल्यावरच बाहेरून वेळ विचारून घेतो. आधीच्या नोंदी मेमरीत होत्या, त्या पुसल्या गेलेल्या. लॉग १९७० ला गेला म्हणजे डबा बंद पडून सुरू झाला, हे त्यातून कळायला हवं होतं. मी ते आईने बटण दाबल्याचा पुरावा म्हणून वाचलं.

थोडक्यात, घटनेच्या वेळी हजर असणारं एकच माणूस होतं आणि ते सांगत होतं, पाणी आलं की नेट जातं.

दिवाळीत घरी गेलो. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मी आईच्या कंप्युटरवर काहीतरी बघत बसलो होतो. बाहेर कोणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" आई उठली, मोटरचं बटण दाबायला गेली. गल्लीत एकामागून एक मोटरी सुरू झाल्या. ट्यूबलाइट फडफडली. टेबलाखालचा यूपीएस टूं टूं करायला लागला. कंप्युटर चालूच राहिला, आणि कोपऱ्यातलं नेटचं चिन्ह गेलं. आई दारातून माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही.

मी कॉलेजातला मल्टिमीटर शोधून काढला. सॉकेटवर २३० असायला हवे तिथे १९० होते, मग १६४, परत १८०. फायबरचा डबा दाराजवळ आहे, केबल तिथून आत येते म्हणून. तो थेट भिंतीतल्या सॉकेटवर. त्याचा मूळचा अडॅप्टर मागच्या वर्षी विजेच्या कडकडाटात जळाला होता आणि बाजारपेठेतून दीडशे रुपयांचा दुसरा आणला होता. दाब पडला की त्या अडॅप्टरला बारा व्होल्ट धरून ठेवता यायचे नाहीत. डबा बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पूर्ण सुरू होऊन जोडणी मिळायला त्याला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात पलीकडच्यांची मोटर चालू व्हायची आणि तो परत बसायचा. सगळ्यांच्या टाक्या भरेपर्यंत हे चालायचं. खात्री करायला मी त्याची पिन यूपीएसवर लावली. मोटरी चालू, ट्यूब मंद, नेट चालू. दुसऱ्या दिवशी चांगला अडॅप्टर आणून तो भिंतीवर लावून पाहिला, तोही टिकला.

मी आईला म्हटलं, "तुझं बरोबर होतं." ती म्हणाली, "हो. आता तू बघितलंस."

हे वाक्य तिने टोमणा म्हणून टाकलं नव्हतं. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण ते अचूक होतं. मी आईवर विश्वास ठेवलाच नव्हता. ऑगस्टमध्येही नाही आणि दिवाळीतही नाही. दिवाळीत मी ट्यूबलाइटवर, यूपीएसवर आणि मल्टिमीटरवर विश्वास ठेवला. तिचं म्हणणं त्यांच्याशी जुळलं, इतकंच. बरोबर ठरणं आणि विश्वास ठेवला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरावा आल्यावर दुसरी गोष्ट द्यायची वेळ निघून गेलेली असते.

आता माझी बाजूही मांडायला हवी, कारण ती अगदीच फालतू नाही. दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणं हा माझ्या कामाचा भाग आहे. लोक वाटेल ते सांगतात. "काहीच बदललं नाही" म्हणणाऱ्या माणसाने आदल्या रात्री काहीतरी बदललेलं असतं. प्लग लावलाय का हे विचारावं लागतं, कारण खरंच कधीकधी तो लावलेला नसतो. आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांचं नातं जोडायची माणसाला खोड असते. उद्या कोणी म्हणेल अमावास्येला नेट जातं, तर त्यामागेही धावायचं का? सगळ्यांचं सगळं खरं मानलं तर दुरुस्ती नावाची गोष्टच उरणार नाही.

हे खरं आहे. पण तक्रार करणारा माणूस एका वाक्यात दोन गोष्टी देतो. काय दिसलं, आणि का झालं असावं. दुसरी गोष्ट चुकीची वाटली की आपण पहिलीही फेकून देतो. आईने तर 'का' सांगितलंच नव्हतं. नेट नळातून येतं असं ती म्हणाली नव्हती. ते मी तिच्या तोंडी घातलं, आणि मग त्याला हसलो.

आमच्या क्षेत्रात एक किस्सा प्रसिद्ध आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ट्रे हॅरिस नावाचा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता. त्याला संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला की आमचा ईमेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे साधारण आठशे किलोमीटर. ईमेलला अंतर कळत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. हॅरिसलाही होतं. तरी त्याने वेगवेगळ्या गावांना मेल पाठवून पाहिले आणि तक्रार खरी निघाली. झालं असं होतं की सर्व्हरवर मेलच्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती बसली होती, तिला नवी सेटिंग्ज समजत नव्हती, आणि जोडणीसाठी थांबायचा वेळ शून्य धरला गेला होता. प्रत्यक्षात ते यंत्र तीन मिलिसेकंदांच्या आसपास थांबायचं. तीन मिलिसेकंदांत प्रकाश सुमारे नऊशे किलोमीटर जातो. त्याहून दूरचं उत्तर येण्याआधीच यंत्र कंटाळायचं.

हा किस्सा आम्ही एकमेकांना हुशारीचा नमुना म्हणून सांगतो. मला त्यात आता दुसरंच दिसतं. तक्रार करणारे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि पुरेशी माहिती जमवून मगच त्यांनी फोन केला होता. हेच वाक्य विभागातल्या शिपायाने सांगितलं असतं तर? हॅरिसने तेव्हाही मेल पाठवून पाहिले असते का? कदाचित पाहिले असते. मी पाहिले नसते, हे मात्र मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट वेल्समधली. अ‍ॅबरहोसन नावाच्या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता ब्रॉडबँड कोसळायचं. कंपनीच्या लोकांनी केबलसुद्धा बदलून पाहिली. शेवटी इंजिनिअर पहाटे सहाला यंत्र घेऊन गावात फिरले. सातच्या ठोक्याला विजेचा गोंगाट पकडला आणि त्याचा माग काढत एका घरापाशी पोचले. तिथला जुना, सेकंडहँड टीव्ही सकाळी सातला सुरू व्हायचा. ही बातमी २०२० च्या सप्टेंबरमध्ये जगभर फिरली. मी ती तेव्हा वाचली होती, मित्रांना पाठवलीही होती. वेल्समधल्या लोकांनी "सात वाजले की नेट जातं" म्हटलेलं मला चाललं. आईने "पाणी आलं की" म्हटलेलं चाललं नाही.

मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये या प्रकारावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की ऐकणाऱ्याच्या मनातल्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाला कमी किंमत मिळाली, तर तो अन्याय आहे, आणि तो त्या माणसावर 'जाणणारा माणूस' म्हणून झालेला अन्याय आहे. त्यांची उदाहरणं मोठी आहेत. वर्णद्वेषी कोर्टात उभा असलेला काळा आरोपी वगैरे. आईचा राउटर त्या रांगेत बसवायला मलाच संकोच वाटतो. तिचं आयुष्य काही पणाला लागलं नव्हतं. पण पूर्वग्रह तर होताच. 'आईला टेक्निकल कळत नाही' हे आपण किती प्रेमाने म्हणतो! प्रेम त्यात असतंही. हेच वाक्य नेटवाल्या मुलाने "भाऊ, व्होल्टेजचा इश्यू वाटतो" असं सांगितलं असतं तर मी त्याच रात्री अडॅप्टर ऑनलाइन मागवला असता.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. ज्ञान कशाकशातून मिळतं यावर शेकडो वर्षं भांडणं झाली. चार्वाक म्हणाले, फक्त प्रत्यक्ष. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणं धरली. नैयायिकांनी चार धरली. त्यातलं चौथं शब्द, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. कोणीही सांगितलेलं नव्हे, आप्ताने सांगितलेलं. आणि आप्त कोण? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन म्हणतात त्याचा आशय असा, की ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते असंही म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. पदवी लागत नाही. त्या विषयाची परिभाषाही यावी लागत नाही. बघितलेलं असावं आणि खोटं सांगायचं नसावं.

मराठीत 'आप्त' या शब्दाचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहेच. लग्नपत्रिकेत तो इष्टांबरोबर येतो. आप्त म्हणजे नातेवाईक. आई दोन्ही अर्थांनी माझी आप्त होती. मी एकच अर्थ धरून चाललो.

चार्वाकांबद्दल मला आदर आहे. वय विशीचं असताना 'दिसेल तेच खरं' ही भूमिका आवडतेच. पण पुण्यात बसून गावातल्या डब्यावर इलाज करणाऱ्याला प्रत्यक्ष परवडत नाही. ज्या तारेतून मी बघणार तीच तुटते. अशा वेळी पुरावा मागणं म्हणजे कडकपणा नव्हे. जे मिळणं शक्यच नाही ते मागून समोरच्याला गप्प करणं आहे. ऑफिसात आम्ही तक्रारीवर 'आमच्याकडे घडत नाही' असा शेरा मारून ती बंद करतो. मी असे शेरे किती मारले असतील याचा हिशोब नाही. आणि त्याच ऑफिसात सर्व्हर पडला तर कोणावरही बोट न ठेवता कारण शोधायची आमची पद्धत आहे. 'कोणी केलं' नाही विचारायचं, 'काय झालं' विचारायचं. आईला मी पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं, तू काहीतरी दाबलं असशील.

मग अमावास्येवाल्याचं काय? मला वाटतं, प्रत्येकावर विश्वास ठेवायचं बंधन नाही, पण तपासून बघायचं बंधन कधी येतं ते ठरवता येतं. तपासायला किती पडतं, आणि मी चुकलो तर ते कोणाला भोगावं लागेल, या दोन गोष्टी बघायच्या. इथे तपासायला एक फोन पुरला असता. "पुढच्या वेळी पाणी आलं की मला कळव, आणि त्या डब्यावरचे दिवे बघ." बस. आणि भोगावं कोणाला लागलं, ते मला भाऊबीजेच्या दिवशी कळलं.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी फराळाचं ताट घ्यायला थांबल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "ताईंनी पोरीचा फॉर्म भरला म्हणून बरं, नाहीतर वर्ष गेलं असतं." मला काही माहीत नव्हतं. सप्टेंबरमध्ये त्यांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत होती. शेवटच्या संध्याकाळी आई अर्ज भरत होती, कागद अपलोड होत होते, आणि पाणी आलं. टाक्या भरेपर्यंत साइटही गर्दीने बसली. अर्ज गेला नाही. पुढे मुदत वाढली, आणि आई दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळे कागद पिशवीत घालून बाजारातल्या सेवा केंद्रात गेली, दोन तास रांगेत उभी राहिली आणि अर्ज भरून आली. मुदत वाढली नसती तर मावशींची मुलगी माझ्या एका विनोदाची किंमत मोजत बसली असती. ती वाढली, यात माझं कर्तृत्व शून्य. म्हणून माझी चूक लहान झाली असं मला मानता येत नाही.

मी आईला विचारलं, तेव्हा मला फोन का नाही केलास? ती चकल्या डब्यात भरत होती. म्हणाली, "तू कामात असतोस." मी म्हटलं, पण तरी. ती म्हणाली, "काय सांगणार होते? परत तेच सांगितलं असतं."

क्रिस्टी डॉटसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचा २०११ चा एक लेख आहे. समोरच्याला आपलं म्हणणं नीट ऐकून घेता येणार नाही असं दिसलं की बोलणारा स्वतःच आपली साक्ष गिळून टाकतो, हाही गप्प करण्याचाच एक प्रकार, असं त्या दाखवतात. बाहेरून तो ओळखू येत नाही. तक्रार बंद झालेली दिसते. सगळं ओके असतं.

त्या रात्री जुन्या अडॅप्टरची पावती आहे का बघायला मी कंप्युटरच्या टेबलाचा खण उघडला. आत आईची वही होती, निम्मी शाळेची टाचणं, निम्मी कोरी. कोऱ्या भागात तिने हजेरीपटासारखे रकाने आखले होते. तारीख, पाणी आलं, नेट गेलं, नेट आलं. जूनच्या मध्यापासून एकही पाण्याचा दिवस सुटला नव्हता. एका ओळीपुढे कंसात लिहिलं होतं, आज मोटर लावली नाही, तरी गेलं. म्हणजे आपल्या मोटरीमुळे होतं का, हेही तिने स्वतःची मोटर बंद ठेवून तपासलं होतं. मी तीन महिने लॉग शोधत होतो, तो इथे खणात होता.

शेवटची नोंद ऑगस्टमधली. पाणी ६.१०, नेट गेलं ६.१४. नेट आल्याचा रकाना रिकामा. त्याखाली तिच्या त्या वळणदार अक्षरात, 'मुलाला सांगितलं.' पुढच्या पानावर गणपतीच्या सामानाची यादी होती.